सॅक्सेटनच्या घळीतलं कॅन्यनिंग: रद्द झालेल्या दुपारीसकट पूर्ण रिव्ह्यू

या जुलैत आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि झुरिकला राहणारी माझी मावसबहीण, स्वित्झर्लंडमधे इंटरलाकनजवळच्या सॅक्सेटनच्या घळीत गाईडबरोबर कॅन्यनिंग करून आलो आणि तेव्हापासून चारपाच जणांनी विचारलंय की कसं होतं, झेपेल का, किती पैसे लागतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव देत नाहीये कारण त्यांच्या गाईडचं मला भरभरून कौतुक आहे पण ऑफिसच्या कामाबद्दल तक्रार पण आहे. शिवाय तिकडे हे करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, त्यातून निवडायची कशी ते कळलं की झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅन्यनिंग म्हणजे डोंगरातल्या ओढ्याने कापलेल्या अरुंद घळीत वरून शिरायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. मधे धबधबा आला की दोरावरून रॅपलिंग, गुळगुळीत खडक आला की घसरगुंडी, डोह आला की उडी नाहीतर पोहत पार. एकदा आत शिरलं की दोन्ही बाजूला उभ्या भिंती असतात, बरेचदा मधेच बाहेर पडायला वाटच नसते, आणि सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीभोवती करावं लागतं हे मला तिकडे गेल्यावर खऱ्या अर्थाने कळलं.

घळ निवडताना आम्ही बरंच वाचलं. इंटरलाकनहून मुख्यतः तीन नावं समोर येतात. सॅक्सेटन नवख्यांसाठी बरी, त्यात सगळं थोडं थोडं मिळतं. ग्रिमझेल खिंडीच्या बाजूची घळ ग्रॅनाइटची, पाणी फार थंड आणि वरच्या अंगाला जलविद्युतची धरणं. आणि आल्पनाखजवळची ख्ली श्लीरे, जिथे उड्या मोठ्या आणि दम असलेल्यांचंच काम. पार दक्षिणेला टिचिनोत बोजेरा, इराग्ना वगैरे घळी आहेत, तिकडचं पाणी त्यामानाने कमी गार, पण आम्हाला ते लांब पडत होतं. घळींना ग्रेड असते, व्ही म्हणजे उभे कडे आणि दोराचं काम किती, ए म्हणजे पाण्याचा जोर किती, दोन्ही १ ते ७, आणि पुढे रोमन आकडा म्हणजे अडकलात तर बाहेर पडायला किती वेळ आणि किती कठीण. कंपनीच्या पानावर नुसतं 'सोपी', 'मध्यम' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, ग्रेड विचारा. आम्ही विचारली आणि ऑफिसातल्या बाई दोन मिनिटांत गाईडला विचारून आल्या, तिथेच मला जरा बरं वाटलं.

माझी बहीण पोहते पण खोल पाण्यात घाबरते, म्हणून ते आधीच सांगून टाकलं. ते त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं, आणि घळीत गेल्यावर गाईडला ते माहीत होतं! हे मी मुद्दाम सांगतेय कारण असले फॉर्म भरून घेतात आणि पुढे कोणी बघत नाही असा माझा अनुभव आहे, इथे बघितला होता.

आता ती रद्द झालेली दुपार. आमचं बुकिंग होतं दुपारी दीडचं. सकाळपासून लख्ख ऊन, युंगफ्राऊ शिखर इतकं स्वच्छ दिसत होतं की माणसं रस्त्यात थांबून फोटो काढत होती, आणि आम्ही एक वाजता पोचलो तर सांगितलं की आजची दुपारची ट्रिप होणार नाही. मला खरंच राग आला. रजा मोजून आणलेली, हॉटेल त्या हिशोबाने घेतलेलं, आणि वर बघावं तर ढग नाही. बहीण मला म्हणाली, "ताई, अगं जरा ऐकून तर घे ते काय म्हणतायत." मग गाईड बाहेर आला, फोनवर मेटिओस्विसचं, म्हणजे तिकडच्या हवामान खात्याचं, रडार दाखवलं आणि म्हणाला की तुम्ही इथलं आभाळ बघताय, मला ओढ्याच्या उगमाकडचं आभाळ बघावं लागतं. उन्हाळ्यात आल्प्समधे दुपारी डोंगरावर ढग चढतात आणि वादळ वर कुठेतरी फुटतं, खाली घळीत एक थेंब नसतो आणि वरून लोंढा येतो. पाणी आधी गढूळ होतं, काटक्या पालापाचोळा वाहत येतो, वारा सुटल्यासारखं होतं, आणि हे दिसलं तर हातात मिनिटं असतात, तास नाही.

सॅक्सेटनबद्दल एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला वाटतं. २७ जुलै १९९९ ला याच घळीत वादळानंतर लोंढा आला आणि २१ जण गेले, १८ पर्यटक आणि ३ गाईड. बहुतेक तरुण पोरं, निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियाची. २००१ मधे कंपनी चालवणाऱ्या काही जणांना निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाल्या. पुढे स्वित्झर्लंडने जोखमीच्या खेळांसाठी कायदा केला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे, आणि आता पैसे घेऊन कॅन्यनिंगला नेणाऱ्यांना परवाना लागतो आणि किमान ५० लाख फ्रँकचा दायित्व विमा लागतो. मी हे आधी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि त्या काउंटरपाशी उभं राहून कळलेलं यात फरक आहे. त्या गाईडच्या चेहऱ्यावर अजिबात दिलगिरी नव्हती, नुसतं ठरलेलं होतं.

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास आम्ही विल्डर्सविलला होतो आणि मागे डोंगरात गडगडायला लागलं. गावात नुसता भुरभुर पाऊस. ल्युत्शिने नदी तशीही दुधी राखाडी असते, ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेनकडच्या हिमनद्यांचं दळलेलं दगडी पीठ तिच्यात असतं, पण सॅक्सेटबाख, म्हणजे आमच्या घळीतला ओढा, सकाळी बघितला तेव्हा तळाचे गोटे दिसत होते इतका नितळ होता. तोच ओढा आता चहाच्या रंगाचा होऊन, ओंडके घेऊन, मोठमोठ्याने घरघरत येत होता. घरघर म्हणजे पाण्याचा आवाज नव्हे, तळाशी दगडावर दगड गडगडत होते त्याचा. आम्ही तिघंही पुलावर उभे होतो आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. दीडची ट्रिप चालू असती तर साडेचारला लोक जेमतेम बाहेर पडत असते.

म्हणून माझा पहिला सल्ला, कंपनीला दोनच प्रश्न विचारा: ट्रिप रद्द कोण करतं, आणि कितव्या मिनिटापर्यंत करू शकतं. "गाईड करतो, आणि घळीच्या तोंडाशी पोचल्यावरसुद्धा करू शकतो" असं उत्तर आलं तर बुक करा. "आम्ही शक्यतो रद्द करत नाही" असं अभिमानाने सांगितलं तर सरळ दुसरीकडे जा. आणि सकाळची वेळ घ्या, दुपारची नको.

आता तक्रार. ईमेलमधे स्पष्ट होतं की कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, पण काउंटरवर आम्हाला वर्षभराचं व्हाउचर पुढे केलं. आम्ही काय दर वर्षी तिकडे जाणार आहोत का! नवऱ्याने शांतपणे ईमेल दाखवला, पंधरावीस मिनिटं गेली, मग काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की एक दिवस सोडून सकाळी साडेआठची जागा आहे, ती चालेल का. आम्हाला तेच हवं होतं, पण ते पहिल्या मिनिटाला विचारता आलं असतं. माणशी दीडशे फ्रँकच्या आसपास घेता तर एवढं नीट हवं. म्हणून सांगते, बुकिंगचा ईमेल फोनमधे ठेवा आणि सहलीत एक दिवस मोकळा सोडा, कॅन्यनिंग शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नका.

ट्रिपच्या सकाळी आधी सामान. पाच मिलीमीटरचा निओप्रीन (फोमसारखं रबर) सूट, दोन भागांचा, आत खांदे असलेली पँट आणि वर जाकीट, म्हणजे पोटाछातीवर दुप्पट जाड होतं. निओप्रीनचे मोजे, हेल्मेट, हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा आणि त्याला बुडाशी जाड रेक्झिनसारखा तुकडा, कारण घसरताना सूट फाटतो. सूट घट्टच पाहिजे, पाणी आत शिरतं पण त्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होतो आणि तोच थंडीपासून वाचवतो, ढगळ असला तर गार पाणी सारखं बदलत राहतं आणि माणूस काकडतो. माझ्या बहिणीला बूट दोन नंबर मोठे दिले होते, सामान देणारा मुलगा म्हणाला चालेल, गाईडने वाकून अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघितलं आणि स्वतः जाऊन बदलून आणले. ओल्या खडकावर मोठा बूट म्हणजे घोटा मुरगळलाच समजा.

व्हॅनने वर सॅक्सेटनकडे जाऊन थोडं चालत खाली उतरलो. आम्ही सात जण आणि दोन गाईड. पाण्यात शिरायच्या आधी एका गाईडने एक केलं ते मला फार आवडलं, काठावरच्या एका खडकावर बरोबर पाण्याच्या रेषेला एक पांढरा खडा ठेवला, आणि आम्ही हार्नेस तपासणं, खुणा शिकणं वगैरे दहाबारा मिनिटं करत होतो तेवढ्यात दोनदा त्याच्याकडे बघून आला. खडा कोरडा होता. मगच चला म्हणाला. खुणा सोप्या, हात डोक्यावर म्हणजे मी ठीक, एक शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, कारण धबधब्याशेजारी ओरडलेलं काही ऐकू येत नाही.

पाणी किती गार होतं ते शब्दात सांगता येणार नाही, पहिल्या डोहात श्वासच अडकला, छाती आवळल्यासारखी झाली, आणि गाईड समोर उभा राहून फक्त "श्वास सोड, श्वास सोड" म्हणत होता. अर्ध्या मिनिटात सूट काम करायला लागला. मग मात्र काय सांगू! पाण्याने खडक असे घोटलेत की हात फिरवत राहावंसं वाटतं, रांजणखळगे आहेत, एकात तर दोन माणसं आरामात बसतील, वर आभाळाची निळी चिरी आणि भिंतींवरून थेंब थेंब ठिबकतंय. घसरताना हात छातीवर, पाय जुळलेले, हनुवटी आत, एवढंच करायचं आणि पाण्यावर सोडून द्यायचं.

उडीच्या आधी प्रत्येक वेळी एक गाईड स्वतः उतरून डोहाचा तळ बघायचा. नेहमीची जी मोठी उडी ती आम्हाला मारू दिली नाही, कारण आदल्या वादळात डोहात गोटे येऊन साचले होते आणि जिथे खोल होतं तिथे तो छातीएवढ्या पाण्यात उभा राहून दाखवत होता. एक मुलगा जरा कुरकुरला. मी नाही कुरकुरले, मी पूल बघून आले होते.

बहिणीची गोष्ट सांगायलाच हवी. एका धबधब्याशी दोरावरून उतरायचं होतं, खाली खोल डोह, आणि ती कड्यावर जाऊन थांबली. गाईडने घाई केली नाही, बाकीच्यांना दुसऱ्याकडे सोपवलं, तिचा दोर स्वतःच्या हातात घेतला, तिला मागे रेलायला सांगितलं आणि म्हणाला की तू फक्त माझ्याकडे बघ, पाण्याकडे मी बघतो. ती उतरली. खाली पोचून डोक्यावर हात ठेवला आणि तिथूनच मला ओरडली, "ताई, ये ना, मस्त आहे!" आवाज आला नाही, ओठांवरून कळलं.

घळीत साधारण दोन तास, सगळं मिळून चार. अंगातली ताकद संपते, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. चष्मेवाल्यांनी पट्टी न्यावी, अंगठ्या काढून ठेवाव्या. प्रवास विमा नीट वाचा, बऱ्याच पॉलिसींमधे साहसी खेळ वगळलेले असतात आणि तिकडे रेगाचं, म्हणजे हवाई बचाव सेवेचं, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल आपल्याला येऊ शकतं. रेगाचा नंबर १४१४. खांदा निखळलेला, गुडघेदुखी, गरोदरपण असेल तर प्लीज नको, आणि अजिबात पोहता येत नसेल तर आधी शिका मग जा. फोटोंचे वेगळे पैसे घेतात, आम्ही घेतले, त्यातला एकच चांगला आहे पण तो फारच चांगला आहे.

गाईडना पाचपैकी पाच, ऑफिसला अडीच.

बहिणीने आता सप्टेंबरसाठी टिचिनोतल्या एका कंपनीला मेल टाकलाय. तारीख, पैसे काही न विचारता पहिल्याच ओळीत विचारलंय की ट्रिप रद्द कोण करतं. अजून उत्तर आलेलं नाही, आल्याशिवाय बुक करायचं नाही असं ठरलंय.