हळदीच्या वेबसाइटचं नाव आमचं, कागदावर मालक दुसराच

राजेहो, हे जरा लांबलचक होणार आहे, पण ज्यांचं स्वतःचं काही छोटं युनिट आहे, हळद-तिखट, पापड, लोणचं, संत्र्याचा रस, काहीही असो, आणि जे वेबसाइट काढायचा विचार करून राहिले, त्यांनी पूर्ण वाचा. आमच्या समुद्रपूर तालुक्यात हे आमच्यासोबत झालं आणि नंतर चौकशी केली तर हिंगणघाटकडच्या आणखी काही जणांनाही त्याच माणसानं तेच पॅकेज दिलं असं निघालं.

आमचं हळदीचं घरगुती युनिट आहे, मी आणि माझी जाऊ दोघी पाहतो. आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोक नाव घेऊन मागतात. फोनवर ऑर्डर घेऊन घेऊन वैताग आला होता, कोणाचा पिनकोड चुकते, कोणाचे पैसे आले की नाही तेच समजत नाही, म्हणून वेबसाइट काढायची ठरवली. बचत गटाच्या एका प्रदर्शनात एक पोरगा भेटला, नागपूरला ऑफिस आहे म्हणे, बोलायला एकदम गोड. "ताई, डोमेन, होस्टिंग, डिझाइन, पाच ईमेल, एसएसएल, सगळं मिळून १४,९९९, आणि डोमेन लाइफटाइम, तुमाले काहीच पाहाचं काम नाही." डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, होस्टिंग म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवतात ती जागा, आणि एसएसएल म्हणजे पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसते ना, ते. आमच्या भागात असं काम करून देणारं जवळ कोणी नाही, इंटरनेटची रेंजही अंगणात आली तर आली, त्यामुळे घरी येऊन कोणी सगळं करून देतो म्हटल्यावर बरंच वाटते.

आता पहिली गोष्ट. लाइफटाइम डोमेन असं काही नसतेच. डॉट कॉम असो की डॉट इन, नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठीच घेता येते, नंतर रिन्यू करतच राहावं लागते. त्यानं आमच्यासाठी एकच वर्ष भरलेलं होतं. कोणी तुमच्यासमोर डोमेनसोबत लाइफटाइम हा शब्द काढला की तिथंच थांबा.

वेबसाइट झाली, चांगली झाली, तेवढं खोटं बोलणार नाही. ऑर्डरी यायला लागल्या. त्या भरवशावर आम्ही पाउच छापून घेतले. ज्यांनी छापले त्यांना माहीत आहे, प्रिंटेड पाउचसाठी आधी सिलेंडर बनवावे लागतात त्याचे पैसे वेगळे, आणि कमीत कमी माल घ्यावाच लागते, पाच-पन्नास पाउच कोणी छापून देत नाही. पाउचच्या मागच्या बाजूला एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याच्या नंबरखाली वेबसाइटचा पत्ता आणि बाजूला क्यूआर कोड, गिऱ्हाइकानं स्कॅन केला की थेट आमच्या पानावर, पुढची ऑर्डर तिथूनच. हे सगळं त्या पोराला माहीत होतं, क्यूआर त्यानंच बनवून दिला होता.

वर्ष भरत आलं तो मार्च महिना. आमच्याकडे तेव्हा काय असते ते सांगायला नको, हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण, आणि तिकडे शहरातले लोक वर्षभराचं हळद-तिखट भरून ठेवायला सुरुवात करतात, वर्षाची निम्मी विक्री त्या दोन-अडीच महिन्यांत. नेमका तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, रिन्युअल २१,००० रुपये, तीन दिवसांत भरा नाही तर साइट बंद होईल. मी फोन केला, म्हटलं लाइफटाइम होतं ना, तर म्हणते "ताई, ते डिझाइन लाइफटाइम होतं, डोमेन नाही." मंग मी म्हटलं आम्हाला लॉगिन द्या, आम्ही आमचं भरतो. तर म्हणे डोमेन कंपनीच्या पॅनलमध्ये आहे, वेगळं करायचं असेल तर २५,००० ट्रान्सफर चार्ज.

एकवीस हजार आम्ही भरले नाहीत. साइट चौथ्या दिवशी बंद. नाव संपायची तारीख तेव्हा आली पण नव्हती, हे नंतर कळलं, त्यानं होस्टिंगवरून साइटच काढून टाकली होती. साइटसोबत ईमेलही गेले, आणि याचा फटका सगळ्यात मोठा बसला, पुण्याच्या एका दुकानाची ऑर्डर ईमेलवर येणार होती, ती त्यांच्याकडे परत गेली आणि त्यांना वाटलं आम्ही धंदा बंद केला. गिऱ्हाईक पाउच स्कॅन करते आणि समोर कोरं पान.

माझा भाचा वर्ध्याला डिप्लोमा करते, त्यानं बसून सगळं शोधून काढलं. आयकॅन म्हणून संस्था आहे, १९९८ पासून जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था तीच पाहते, तिच्या लुकअप पानावर कोणतंही डॉट कॉम नाव टाकलं की ते कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीकडे घेतलं, कधी घेतलं, कधी संपते, नेमसर्व्हर (नाव कोणत्या होस्टिंगकडे वळते ते सांगणारे सर्व्हर) कोणते, सगळं दिसते. डॉट इनचं काम आपल्याकडे निक्सी नावाची संस्था पाहते. माणसाचं नाव-नंबर आजकाल बहुतेक वेळा लपवलेलं असते, पण आमच्या नावाच्या पानावर संस्थेच्या रकान्यात त्याच्या फर्मचं नाव चक्क लिहिलेलं होतं. आमचं कुठंच नाही. शेत आपण वाहायचं, बी-खत आपलं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावानं, तसा हा प्रकार. रजिस्ट्रारच्या लेखी ज्याचं नाव रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीदार म्हणून आहे तोच मालक, पैसे कोणी दिले, ब्रँड कोणाचा, पाउच कोणी छापले, ते काहीच पाहत नाहीत.

आणि संपायच्या आधी सूचना द्यायचा नियम आहे बरं का, रजिस्ट्रारनं साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी ईमेल पाठवावाच लागते. ते ईमेल पाठवले गेलेही असतील, पण खात्यात ईमेल त्याचा, तर आम्हाला कसे दिसणार.

रजिस्ट्रारला लिहिलं. उत्तर सभ्य भाषेत आलं, पण अर्थ एकच, तुम्ही आमचे ग्राहक नाही. डोमेन दुसरीकडे न्यायला एक कोड लागते, ऑथ कोड म्हणतात, मालकानं मागितला की रजिस्ट्रारनं पाच दिवसांत द्यायचा किंवा खात्यातूनच काढता यायला पाहिजे, हाही आयकॅनचा नियमच, पण मालकानं मागितला तर. मंग कोणी म्हटलं डोमेनच्या वादासाठी यूडीआरपी म्हणून प्रक्रिया आहे, ती पाहिली तर वायपो या संस्थेकडे एका पंचाची फी १,५०० डॉलर, म्हणजे लाखाच्या वर गेलं, आणि त्यातही नावावर तुमचा ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागते. हजाराच्या आसपास मिळणारं नाव सोडवायला लाख रुपये कोण घालणार? डॉट इनसाठी तशीच आयएनडीआरपी आहे, पण आमचं डॉट कॉम होतं.

काही जणांनी सांगितलं थांबा, नाव संपू द्या, सुटलं की तुम्ही घ्या. हे वाटते तितकं सोपं नाही. डॉट कॉम नाव संपलं तरी लगेच मोकळं होत नाही, आधी रजिस्ट्रारवर अवलंबून दीड महिन्यापर्यंत रिन्यू करायची मुदत असते, त्यानंतर ३० दिवस जास्तीचा दंड भरून सोडवायची मुदत, त्यानंतर ५ दिवस, आणि मगच नाव बाजारात येते, तेही मधेच लिलावात गेलं नाही तर. आम्ही वाट पाहून राहिलो आणि त्यानं नाव आणखी एका वर्षासाठी रिन्यू करून टाकलं. त्याला वापरायचं नाही, फक्त अडकवून ठेवायचं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येते, कारण त्या नावावर आमच्या घरातल्या दोन बायकांची मेहनत आहे, तिखट-हळदीनं हात जळतात आमचे.

बिलाचंही सांगते. त्यानं १८ टक्के जीएसटी लावला होता पण बिलावर जीएसटी नंबरच नव्हता, वर कोटेशन लिहिलेलं, खाली शिक्का. जीएसटीच्या पोर्टलवर कोणाचाही नंबर टाकून फर्म खरी आहे का ते पाहता येते, दोन मिनिटांचं काम. एसएसएल पॅकेजमध्ये सांगूनही त्याचे ३,५०० वेगळे लावले होते, आता ते लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१५ पासून फुकट मिळते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या आपोआप लावून देतात. अनलिमिटेड होस्टिंग म्हणून जे दिलं ते एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स ठेवलेलं शेअर्ड होस्टिंग असते, छोट्या धंद्याला ते पुरते, त्यात वाईट काही नाही, पण अनलिमिटेडच्या आत फाइलींच्या संख्येची मर्यादा असतेच, आणि बॅकअप आपल्या हातात नसेल तर साइट गेली की गेली. आमचा बॅकअप त्यानं दिला नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुन्या साइट्सच्या प्रती जपलेल्या असतात, भाच्यानं तिथं आमचा जुना पत्ता टाकला तेव्हा काही पानं तिथं सापडली, मजकूर तिथून उतरवून घेतला, फोटो मात्र अर्धेच निघाले, बाकी परत काढावे लागले.

गूगलवर दुकानाचं जे प्रोफाइल असते तेही त्यानं स्वतःच्या जीमेलवर बनवलं होतं. ते परत मिळालं, तिथं मालकी मागायची सोय आहे, दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवला आणि झालं. तुमचं असं अडकलं असेल तर आधी हे करा, फुकट आहे.

मंग आम्ही नवीन नाव घेतलं, डॉट इन, या वेळी स्वतःच्या हातानं. खातं माझ्या नावानं, ईमेल माझा साधा जीमेल, मुद्दाम त्याच डोमेनवरचा नाही, कारण डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडते आणि पासवर्ड बदलायचा रस्ताच संपते. मोबाइल माझा, लॉगिनला ओटीपी लावून घेतला. एकदम पाच वर्षांचं भरलं. होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे घेतलं, म्हणजे एकानं त्रास दिला तर नाव दुसरीकडे वळवता येते, नेमसर्व्हर बदलले की झालं. आणि घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका, पहिलं वर्ष ९९ रुपये पण असते, खाली बारीक अक्षरात रिन्युअलचा भाव लिहिलेला असते तो पाहा, होस्टिंगमध्ये तर तो कधी कधी तिप्पट निघते. डिझाइन करणारा वेगळा ठेवला, त्याला फक्त साइटचं लॉगिन दिलं, डोमेनचं नाही, आणि तोही आनंदानं हो म्हणाला, कारण प्रामाणिक माणसाला त्यात अडचण काहून येईल?

नवीन नाव घेतलं की फोनही सुरू होतात, डोमेनची लिस्टिंग संपून राहिली, गूगल रजिस्ट्रेशन करा, अमुक भरा. आमच्या जाऊला तर एकानं साइट ब्लॉक होईल म्हणून धमकावलं. रिन्युअल कुठं करायचं ते फक्त ज्या कंपनीकडे नाव घेतलं तिच्या साइटवर स्वतः लॉगिन करून पाहा, फोनवर आलेल्या लिंकवर नाही.

छापलेल्या पाउचचं मात्र काहीच करता आलं नाही. मजूर बाई लावून प्रत्येक पाउचवर जुन्या क्यूआरवर नवीन स्टिकर चिकटवून राहिलो, हाताला हळद असली की स्टिकर नीट बसत नाही, मंग हात धुवायचे आणि परत बसायचं. जुना माल जो आधीच दुकानांत गेला त्यावर अजूनही जुना पत्ता आहे.

पोलिसांकडे गेलो तर हा आपसातल्या व्यवहाराचा मामला आहे म्हणाले. वकिलानं नोटीस पाठवली, उत्तर नाही. आता वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला चकरा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ऑनलाइनही होते, आणि धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी म्हटलं तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेल्या धंद्याला तो नियम लागत नाही, तुम्ही ग्राहकच, हे आमच्या वकिलानं पहिल्याच पानावर लिहिलं. काही विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जोडले, त्यात लाइफटाइमवाला त्याचा स्वतःचा मेसेज आहे, पैसे यूपीआयनं दिलेले त्याची नोंद आहे, आणि लुकअपच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट आहे. ज्यांना त्यानंच पॅकेज दिलं त्यांनी आपला लाइफटाइमचा मेसेज डिलीट करू नका, आणि यापुढे तो फोनवर बोलू म्हटला तरी व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहायला सांगा.