"ॲल्युमिनियम पण होतं" म्हणाले, अन् माझे साडेअठरा हजार गेले

परभणी-जिंतूर रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीची फाळकी. अकरा वर्षं साध्या रॉडवर पोट भरलं. गळके दुधाचे कॅन, फुटलेली इंजिनची कव्हरं ही ॲल्युमिनियमची कामं परभणीला जातात, ती इथंच करावीत म्हणून मशीन घ्यायला संभाजीनगर गाठलं.

"भाऊ, आर्क, मिग, टिग, तिन्ही एकाच डब्यात. चारशे अँपिअर. ॲल्युमिनियम पण होतं." आर्क म्हणजे आपलं रॉडचं वेल्डिंग. मिगमध्ये तार मशीनमधून आपोआप सरकते, टिगमध्ये टॉर्चच्या ठिणगीखाली गॅस सोडून तार हाताने द्यायची. दुकानदाराने स्टेनलेसच्या पत्र्यावर टिग मारून दाखवलं. माशाच्या खवल्यासारखा टाका! मग काउंटरखालून ॲल्युमिनियमचा जोडलेला तुकडा काढून हातात दिला. तो माझ्यासमोर जोडलाच नव्हता, हे सुचलं परतीच्या एसटीत. १८,५०० रोख दिले होते, बिल म्हणून एक चिठ्ठी.

पहिलं काम शेजारच्या काकांचा कॅन. टिगचा आरगॉन गॅस सोडला, टॉर्च धरला. वर साय धरल्यासारखं झालं, पण रस काही सुटेना. तारेचे मणी होऊन खाली पडायचे. करंट वाढवला तर बुडाला रुपयाएवढं भोक. काकांना नवा कॅन घेऊन दिला.

वाळूजच्या कंपनीत वेल्डर असलेल्या पाहुण्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मशीनवर एसीचं बटण आहे का?" नव्हतं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढं. एसीत करंट उलटसुलट फिरतो आणि उलट्या फेरीत तो पापुद्रा फोडतो. माझं मशीन नुसतं डीसी, म्हणजे करंट एकाच दिशेने. स्टेनलेसला ते झकास, म्हणून तर दुकानात स्टेनलेसच दाखवलं.

मिगचंही तेच. "गॅसची कटकटच नाही" म्हणून सोबत एक किलो तार दिली होती. ती पोटात फ्लक्सची पावडर असलेली, त्या पावडरीचा धूरच टाक्याला हवेपासून झाकतो. संपल्यावर मी साधी तांबूस तार चढवली, तर टाका चाळणीसारखा. साध्या तारेला सीओटू गॅसचं सिलिंडर हवं, शिवाय टॉर्च अन् अर्थिंगची टोकं आपसात अदलाबदल करावी लागतात. सांगतो कोण?

एका दुपारी घामेजलं बोट लागून ४०० चा स्टिकर सुटला. खाली छापलेलं होतं १६०.

तुम्ही जाणार असाल तर भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा घरून न्या आणि डोळ्यांसमोर जोडून घ्या. दहा नंबरचे, म्हणजे ३.१५ मिमीचे, आठ-दहा रॉड सलग जाळून बघा. दम नसेल तर मशीन तापून बंद पडतं. बिल पक्कं, त्यावर 'एसी-डीसी टिग' असं लिहून घ्या. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला, तेव्हा आधी बिलच विचारलं. माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही.

आता त्या डब्यावर ११० अँपिअरला रॉडच चालवतो. शेतातल्या शेडवर वाऱ्यात गॅस उडून जातो, तिथं तसाही रॉडच बरा. कॅन आला की गाडीला बांधून परभणीला नेतो.