ट्युब्युलर का लिथियम? मराठवाड्याच्या उन्हात इन्व्हर्टरला कोणती बॅटरी

उन्हाळा लागला की ओळखीतले सगळे हेच विचारायलेत, तर ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची, पाणी घालायची शिशाची बॅटरी) आन लिथियम दोन्ही वापरल्यात म्हणून सांगतो. फ्लॅट प्लेट (शिशाचीच, पण सपाट प्लेटांची) स्वस्त मिळती पण रोज लाईट जाणाऱ्या घरात ती घेऊच नका, लवकर बसती.

१२ व्होल्ट १५० एएचची (अँपियर-तास) ट्युब्युलर म्हणजे १८०० वॅट-तास, पण रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हातात ९०० च धरा. दोन जुने पंखे, दोन-तीन एलईडी आन वायफाय मिळून २०० वॅट, म्हणजे इन्व्हर्टरमधी वाया जाणारी वीज सोडून साडेतीन तास निघतात. लिथियम घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. ती १२.८ व्होल्ट १०० एएचची म्हणजे १२८० वॅट-तास, ८० टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे आकडा लहान दिसला तरी बॅकअप थोडा जास्तच.

ट्युब्युलरचा खरा घोळ पाण्याचा. गावाकडं आईनं डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून बोअरचं पाणी टाकलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षाच्या आत झाकण उघडून बघितलं तर प्लेटांवर पांढरा थर, हायड्रोमीटर (आतल्या अॅसिडची घनता मोजायचं यंत्र) लावला तर पाच सेल ठीक आन सहाव्यात आतली काडी पार तळाला. एक सेल गेला की सगळी बॅटरी गेली. आरओचं पाणी पण चालत नाही बरं का.

ऊन पण बघा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं, आन परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात बॅटरी पत्र्याच्या खोलीत. लिथियमला पण ऊन बाधतं, पण इतकं नाही.

गावाकडं सलग दहा-बारा तास लाईट टिकत नसेल तर ट्युब्युलर फुल चार्जच होत नाही, अर्धवट राहून प्लेटांवर सल्फेट धरती. लिथियम १५ अँपियरच्या चार्जरवर सात तासात भरती आन अर्धी राहिली तरी बिघडत नाही. पण इन्व्हर्टरला लिथियम मोड पाहिजेच, नाहीतर व्होल्टेज वर गेलं की बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) बॅटरी बंद करती. सुरुवातीला पैसे पण जास्त लागतात, आन ट्युब्युलरची जुनी देऊन नवीत पैसे कमी होतात ते इथं धरू नका.

माझ्या घरी ट्युब्युलरच ठेवलीय, जिन्याखाली सावलीत, वारा लागेल अशी, दर दोन महिन्याला मीच पाणी बघतो. आईकडं मात्र लिथियम बसवली, झाकण उघडायचं कामच नाही.