हाताने बांधलेली १:३२ बुगाटी ३५बी: काही महिने पळवल्यानंतर

ही स्लॉट कार आहे, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत पातं घालून विजेवर पळणारी, खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाची छोटी गाडी. निकाल आधीच सांगून टाकतो. शर्यत जिंकायची असेल तर ही गाडी बांधू नका. ट्रॅकला धरून राहावी म्हणून पोटाला चुंबक लावलेली, खोक्यातून काढून थेट ट्रॅकवर ठेवलेली कुठलीही आधुनिक जीटी स्पोर्ट्‌स गाडी हिला बघता बघता मागे टाकते. पण ट्रॅक लाकडी असेल, चुंबकाला बंदी असेल आणि शेजारच्या खाचेत त्याच काळातली गाडी असेल, तर मी सगळ्यात आधी हीच बाहेर काढतो. बांधताना जे निर्णय घेतले त्यातले काही पळवताना सोन्यासारखे ठरले, काही निव्वळ हौसेचे होते. त्याबद्दलच लिहितोय.

गाडी कोणती, तर १४ एप्रिल १९२९ रोजी मोनाकोची पहिली ग्रां प्री जिंकणारी बुगाटी टाइप ३५बी. चालक विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, नंबर १२. बुगाटी म्हटलं की डोळ्यांसमोर फ्रेंच निळा येतो, पण ही ब्रिटिश गडद हिरव्या रंगात धावली होती, आणि मला तेच हवं होतं. निळ्या बुगाट्या चिक्कार दिसतात.

मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २४०० मिमी. बत्तिसाने भागलं की बरोबर ७५ मिमी, म्हणजे हिशेबाला सोपी. पण दोन चाकांमधलं आडवं अंतर सुमारे १२०० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम साडेसदतीस. उंच, अरुंद आणि सुरीच्या पात्यासारखे टायर. स्लॉट कारला जे जे हवं असतं त्याच्या नेमकं उलट. पुढचं सगळं रामायण या एका आकड्यातून सुरू होतं.

मोटरची जागा हा पहिला पेच. नेहमीची, पत्र्याच्या डब्यासारखी मोटर या बॉनेटखाली मावत नाही. दोन बाजूंनी चपटी असलेली लहान मोटर आडवी झोपवली आणि तीही कॉकपिटच्या खाली, शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलकडे. इथे इतिहास मदतीला आला. १९२४ च्या हंगामापर्यंत ग्रां प्रीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिक बसायचा. १९२५ पासून त्याला मनाई झाली, पण गाडीची रुंदी दोघांची ठेवावी लागली. त्यामुळे १९२९ च्या गाडीत डावी जागा रिकामी असते आणि ती झाकून टाकता येते. मी त्या झाकणाखाली मोटरचा जास्तीचा भाग लपवला. उजवीकडे चालक आहे, पण तो छातीपासून वरचाच. बघणाऱ्याला कळत नाही, आणि पोकळ प्लास्टिकचा असल्यामुळे वजनही नाही.

सांगाडा पितळी पट्टी, पितळी नळी आणि पियानो वायरचा, म्हणजे कडक पोलादी तारेचा. लाकडी ठोकळ्यावर गुण्याने रेघा मारून अ‍ॅक्सलच्या जागी भोकं पाडली, त्यात ३/३२ इंची, म्हणजे २.३८ मिमीच्या सळया उभ्या केल्या आणि त्यांच्या आधाराने सगळं जुळवून कथलाचे डाग दिले. या ठोकळ्यावर वेळ घालवा असं मी कुणालाही सांगेन. मागचा अ‍ॅक्सल केसभर तिरका बसला तर गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा खेकड्यासारखी चालते आणि मग टायर बदला, गिअर बदला, काही उपयोग नाही.

झाळकामाबद्दल दोन शब्द जास्त, कारण महिनोन्‌महिने आपटूनही एकही सांधा सुटलेला नाही. पितळ उष्णता पिऊन टाकतं. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न लावून बसलात तर कथील गोळा होऊन वरच राहतं, खाली धरत नाही. जाड टोक, भरपूर वॅट, आणि झटपट काम. पितळाला साधा रोझिनचा, म्हणजे राळेचा, फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावायचा लेप) पुरतो. पियानो वायरला नाही. तिला आधी पॉलिश पेपरने चकचकीत करावं लागतं आणि आम्लाचा फ्लक्स लावावा लागतो. मग कथील तारेवर कसं धावतं ते बघण्यासारखं असतं: क्षणभर मणी थबकतो आणि एकदम पसरून चांदीसारखा सपाट होतो. तो क्षण दिसला नाही तर सांधा कच्चा समजायचा. काम झालं की सोड्याच्या पाण्यात टूथब्रशने घासून धुवा. आम्ल राहिलं तर काही आठवड्यांत हिरवट बुरशी यावी तसं पितळ खराब होतं. आणि हा फ्लक्स मोटरच्या टर्मिनलजवळ चुकूनही नेऊ नये. तिथे फक्त रोझिन.

आता गाइड, म्हणजे खाचेत उतरणारं पातं. आधुनिक गाडीत ते नाकाखाली, पुढच्या चाकांच्याही पुढे असतं. ३५ च्या रेडिएटरपुढे काही आहेच कुठे? स्प्रिंगांची टोकं आणि मोकळी हवा. त्यामुळे गाइड अ‍ॅक्सलच्या मागे, इंजिनाच्या पोटाखाली घ्यावं लागतं. गाइड आणि मागचा अ‍ॅक्सल यांतलं अंतर कमी झालं की वळणावर शेपूट लवकर फिरते आणि सावरायला अवधी कमी मिळतो. अ‍ॅक्सलच्या पुढे एक छोटी जीभ काढून त्यावर गाइड बसवता आलं असतं. पळायला ते चांगलं, पण समोरून फोटो काढला की ती जीभ चेष्टा करत असल्यासारखी दिसते. मी दिसण्याच्या बाजूने कौल दिला आणि अजूनही तोच देईन. बदल्यात पुढची चाकं ट्रॅकला नुसती स्पर्श करतील इतकीच उंच ठेवली, म्हणजे भार गाइडवर येतो आणि पातं खाचेत पूर्ण बसतं. शिवाय पुढच्या टायरना नेलपॉलिशचा थर दिला. पुढची चाकं या खेळात फक्त शोभेची. त्यांनी पकड घेतली तर वळणात गाइडशी भांडतात.

वेगाचा हिशेब मजेशीर आहे. मोटर १२ व्होल्टला मिनिटाला १६ हजारांच्या आसपास फेरे घेते, मोटरच्या शाफ्टवरचा पिनियन ९ दातांचा, अ‍ॅक्सलवरचा क्राउन गिअर २७ चा, मागचं चाक सुमारे २२ मिमीचं. कागदावर ताशी २२ किमी. बत्तिसाने गुणलं तर मॉडेलच्या जगात ताशी ७०० किमी! खरी ३५बी ताशी दोनशेच्या आसपास जायची. ते मापात आणायचं तर मॉडेलला ताशी सव्वासहा किमी, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. इतकं संथ कुणी चालवत नाही, पण मी व्होल्टेज नऊ-दहावर आणल्यापासून गाडी खऱ्या अर्थाने चालवता येऊ लागली. जोरकस मोटर शोधणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी एकदा करून बघावं.

सगळ्यात जास्त शिकवलं टायरनी. मागच्या टायरची रुंदी मापात जेमतेम ४ मिमी. रुंद टायर घाला, कोण बघतंय, असा सल्ला मिळतोच. पण अरुंद, उंच गाडीत मूळ दुखणं पकड कमी असण्याचं नसतंच. गाडी घसरणार की उलटणार हे चाकांमधलं अर्धं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतं. पकड त्याच्या आत असली तर शेपूट घसरते आणि चालक सावरतो. पकड त्याच्या वर गेली की आतलं चाक उचललं जातं आणि गाडी कुशीवर. स्वच्छ प्लास्टिक ट्रॅकवर सिलिकॉनचे मऊ टायर लावून बघितले, तर प्रत्येक आखूड वळणावर लोटांगण. तेच युरेथेनचे जरा कडक टायर लावले आणि गाडी वळणात तिरकी होऊन, शेपूट बाहेर काढून, जुन्या छायाचित्रांतल्यासारखी निघाली. म्हणजे मापातला बारीक टायर हाच या गाडीचा तारणहार. लाकडी ट्रॅकवर तर प्रश्नच नाही, कारण सिलिकॉनला धूळ खपत नाही.

टायर गोल करणं मात्र टाळू नका. सपाट ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून लावायचा, मोटर कमी व्होल्टवर फिरवायची आणि मागची चाकं हलकेच टेकवायची. आधी टायरवर एकाच बाजूला चकाकणारा पट्टा दिसतो, तो हळूहळू पूर्ण परीघभर पसरतो. मग बाहेरची कड थोडी गोलसर करा; चौकोनी कड वळणात रुतते आणि गाडी उडी मारते. टायर रिमला चिकटवून टाका. टाइप ३५ पहिल्यांदा उतरली ती १९२४ च्या लिऑंच्या ग्रां प्रीत, आणि तिथे टायरची आवरणंच सुटून येत होती. शर्यत अल्फा रोमिओ पी२ वर ज्युसेप्पे कांपारीने नेली. तेवढं ऐतिहासिक साधर्म्य आपल्याला नको.

वजन सगळं खाली. शिशाच्या पातळ पट्ट्या सांगाड्याच्या तळाला, अ‍ॅक्सलच्या पातळीच्या खाली. आणि बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल. गाडी हातात घेऊन हलवली की खुळखुळते. नवख्या माणसाला वाटतं काहीतरी निसटलंय, पण ही खुळखुळ चाकांची थरथर बॉडीत शिरू देत नाही. स्क्रू घट्ट करून चालवलं की फरक पहिल्याच फेरीत कळतो.

बॉडीसाठी लाकडात मूळ नमुना कोरला, त्यावरून सिलिकॉनचा साचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन. नमुन्याला कुठे मॉडेलिंगची माती वापरणार असाल आणि सिलिकॉन प्लॅटिनम जातीचं असेल, तर माती बिनगंधकाची घ्या. गंधक असलं तर सिलिकॉन तिथे चिकटच राहतं. ओतलेली बॉडी जाड निघते. आतून बुराने, म्हणजे फिरत्या कोरणीने, कोरत, दिव्यासमोर धरून उजेड झिरपेपर्यंत पातळ केली. तोंडाला मास्क हवाच, रेझिनची भुकटी छातीत जाऊ देण्यासारखी नाही. बॉनेटवरच्या हवेच्या फटी रेझिनमध्ये बोथट येतात, म्हणून बॉनेटला पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवला आणि मऊ लाकडावर ठेवून बोथट केलेल्या छिन्नीने एकेक फट दाबून उठवली. ओळ सरळ राहण्यासाठी स्टीलची पट्टी कडेला बांधली होती. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि गाडीकडे बघणारा प्रत्येक जण पहिलं बोट तिथेच ठेवतो.

घोड्याच्या नालासारखं रेडिएटर पितळी तारेचं. तारेला कानशीने चपटी बाजू काढून, वाकवून, वरून कथलाचा अगदी पातळ थर दिला आणि घासला. निकेलसारखी मंद झळाळी येते. क्रोमचा रंग त्या काळाला शोभत नाही. चाकं ही बुगाटीची मोठी कृपा. आठ चपट्या आऱ्यांची ओतीव अ‍ॅल्युमिनियम चाकं, ब्रेकचा ड्रम त्यातच. तारांच्या आऱ्यांची कटकट नाही.

महिने उलटल्यावरची स्थिती अशी. प्लास्टिकचा क्राउन गिअर झिजला आणि बदलला. दात पिनियनशी फार घट्ट भिडवले तर कुरकुरतात, फार सैल ठेवले तर खातात, मध्ये कागदाची घडी धरून अंतर ठरवणं अजून तरी सगळ्यात भरवशाचं. मागचा अ‍ॅक्सल ज्यांत फिरतो त्या बुशांना थेंबभर तेल पुरतं, जास्त दिलं तर ते टायरवर येतं. पिकअपच्या, म्हणजे ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या, तांब्याच्या पट्ट्या उपभोग्य वस्तू आहेत, काळ्या पडल्या की टोकं विंचरायची आणि पिसारली की टाकायच्या. रंग टिकलाय, पण रेडिएटरच्या कडेला आणि शेपटीच्या टोकाला उडालाय, तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. वाऱ्याची छोटी काच लवकरच तुटली. आता ती जाड पारदर्शक फिल्मची आहे, वाकते पण मोडत नाही. बॉनेटचा चामडी पट्टा, आरसा, बाहेरचा ब्रेकचा दांडा यांपैकी दांडा तेवढा पियानो वायरचा, म्हणून तो जागेवर आहे. नाजूक तपशील रेझिनमध्ये करू नका, एवढंच त्यातून सांगता येईल.

तयार गाडीपुढे तिची बाजू कुठे जड आहे? प्रत्येक भाग सुटा होतो, आणि पट्टी वाकली तर सरळ करून पुन्हा डाग देता येतो. तयार प्लास्टिक सांगाड्यात मोटरची खोबण एकदा फुटली की बाकीचं सगळं बिनकामाचं.

पहिलीच गाडी बांधणाऱ्याला मात्र ३५ सुचवणार नाही. मासेराटी २५०एफ घ्या. व्हीलबेस २२८० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ७१ च्या थोडं वर. नाक पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरंच पुढे येतं, त्यामुळे गाइडला हक्काची जागा. बॉडी फुगीर, मोटरची चिंता कमी. १९५७ मध्ये स्केलेक्सट्रिक हा स्लॉट कारचा ब्रँड सुरू झाला तेव्हा पत्र्याच्या पहिल्या गाड्यांत हीच होती. तिची चाकं तारांच्या आऱ्यांची आहेत, तेवढी फोटो-एचिंगची (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याची) तयार मिळाली तर घ्यावीत.