पिकअपला दुसरी बॅटरी: अकरा हजारांत झालेले काम आणि राहून गेलेला एक फ्यूज

मुलुंडमध्ये संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत पिकअपच्या हौद्यातून फळे विकण्याचा आमचा व्यवसाय आहे. गाडी उभी असताना एलईडी पट्ट्या, वजनकाटा आणि स्पीकर हे सर्व गाडीच्याच बॅटरीवर चालत असे. गेल्या पावसाळ्यात तीन वेळा असे झाले की, रात्री माल आवरून किल्ली फिरवली तर नुसता कटकट आवाज आला आणि सेल्फ काही लागला नाही. तिसऱ्या वेळी सोसायटीचे दोन वॉचमन आणि एक गिऱ्हाईक भर पावसात धक्का मारत होते. त्याच रात्री दुसरी बॅटरी बसवायचे ठरवले आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका लहानशा ऑटो इलेक्ट्रिक गाळ्यात हे काम करून घेतले. त्याला आता वर्ष होत आले आहे.

या गाळ्याची पहिली चांगली गोष्ट म्हणजे तेथील कारागिराने बॅटरीची किंमत सांगण्याआधी आमचा भार विचारला. आमची उपकरणे साधारण 100 वॅटची आहेत, म्हणजे 12 व्होल्टवर आठ अँपियरहून थोडे अधिक, आणि चार तासांत सुमारे 33 अँपियर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याहून अधिक उतरवली तर ती फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याने 75 अँपियर-अवरची बॅटरी सुचवली, आणि तीही सेल्फ मारण्यासाठीची नव्हे तर इन्व्हर्टरला वापरतात त्या प्रकारची. सेल्फची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर तासन्‌तास दिवे चालवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे होय.

स्वस्तातला मार्ग म्हणून अनेक जण दोन बॅटऱ्या जोडून मध्ये एक साधा स्विच टाकतात. हा स्विच एकदा बंद करायचा राहिला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरतात आणि मूळ अडचण होती तेथेच राहते. त्याऐवजी येथे व्होल्टेज पाहून चालणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, बसवला. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज 13.3 च्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि 12.8 च्या खाली आला की आपोआप तोडतो, त्यामुळे सेल्फची बॅटरी दिव्यांसाठी खर्च होत नाही. आमची गाडी बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) आहे, म्हणून हे सरळ जमले. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींमध्ये अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज गाडीतला संगणक कमी-जास्त करतो. तेथे असा रिले नीट चालेलच असे नाही आणि पुढचा व्होल्टेज बदलला तरी मागच्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा लागतो, ज्याचा खर्च बराच अधिक आहे.

खर्चाचा तपशील असा: जुनी बॅटरी देऊन नवीन 6,800 रुपये, रिले 1,100, सहा मीटर वायर 1,680, फ्यूज व होल्डर 600 आणि मजुरी 900, एकूण 11,080 रुपये. यात वायरवर पैसे वाचवण्याचा मोह मला झाला होता, कारण शेजारच्या दुकानात तितकीच जाड दिसणारी वायर निम्म्या भावात मिळत होती. कारागिराने त्या वायरचा तुकडा आणायला लावला, ब्लेडने एक तार खरवडली आणि तांबूस थराखालचा पांढरा अ‍ॅल्युमिनियम मला दाखवला. आपल्या 25 चौरस मिलिमीटरच्या वायरची तार त्याने तशीच खरवडली, ती आतपर्यंत लाल होती. या तांब्याच्या वायरमध्ये पाच मीटर अंतरावर 40 अँपियरला जेमतेम 0.14 व्होल्ट वाटेत कमी होतात. 10 चौरस मिलिमीटरची घेतली असती तर 0.35 कमी झाले असते, आणि तेवढ्या फरकाने मागची, म्हणजे हौद्यातली नवी बॅटरी आणखी सावकाश चार्ज झाली असती. इंजिन चालू असताना आज पुढे 14.2 आणि मागे 14.0 व्होल्ट दिसतात, याचे मला खरोखर समाधान आहे.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. फ्यूज फक्त पुढच्या बॅटरीजवळ बसवला होता. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “काका, वायर जाड आहे, दुसऱ्याची काय गरज?” वायर हौद्याच्या पत्र्याखालून जाते. ती कुठे घासून उघडी पडली तर पुढचा फ्यूज उडेल हे खरे, पण मागची बॅटरी त्याच वायरमध्ये करंट ओतत राहील आणि गाडी पेट घेऊ शकेल. दोन्ही टोकांना बॅटरी असेल तर दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवाच. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी वाद न घालता दुसरा फ्यूज बसवला आणि पैसे फक्त सामानाचे घेतले. हे त्यांनी स्वतःहून करायला हवे होते.

बॅटरी केबिनमध्ये न ठेवता हौद्यात, वर भोके असलेल्या पेटीत घट्ट पट्ट्याने बांधली आहे, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वाशीहून मुलुंडपर्यंतच्या फेरीत ती पूर्ण भरत नाही, शेवटचा भाग फार सावकाश भरतो. म्हणून दर रविवारी रात्री घरच्या चार्जरवर लावतो. हे गाळ्यात कोणी सांगितले नव्हते. मुंबईच्या दमट हवेने पावसाळ्यात एका लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा थर आला होता. तो घासून पेट्रोलियम जेली लावल्यावर पुन्हा आलेला नाही.

या पावसाळ्यात गाडीला एकदाही धक्का मारावा लागला नाही. धाकट्या भावाच्या पिकअपचे कामही याच गाळ्यात देणार आहोत, मात्र दोन्ही फ्यूज आधी बोलून घेऊनच.