समुद्राजवळ स्टीलचं रेलिंग : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव (गुहागर)

शिमग्याच्या आधी माडीच्या गॅलरीला आणि बाहेरच्या जिन्याला स्टेनलेस स्टीलचं रेलिंग बसवून घेतलं. बिल 46 हजार. लोखंडी नको म्हटलं कारण दर वर्षी घासा, रेडऑक्साइड मारा, वर रंग, कंटाळा आला होता. आमचं घर आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त आमची नारळी-पोफळीची वाडी, म्हणून फॅब्रिकेटरला तीनदा विचारलं, गंजणार नाही ना? "वहिनी, 304 ग्रेडचं स्टील आहे, आयुष्यभर बघायला नको."

मे महिन्यात पाहुण्यांची छोटी मुलगी जिन्याच्या खालच्या खांबाला धरून उभी होती, तिचा तळहात तांबूस झाला. बघते तर प्रत्येक खांबाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. फॅब्रिकेटरला चार फोन केले तेव्हा कुठे आला, खिशातून चुंबक काढलं, पाइपला लावलं, चिकटलं नाही. "बघा, ओरिजिनल आहे, तुमची हवाच खारी." मीही गप्प बसले, मला काय माहीत.

माझा मावसभाऊ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बोटींची कामं करतो, तो आला तेव्हा म्हणाला, ताई, चुंबकाने एवढंच कळतं की हे चुंबकाला चिकटणारं स्वस्तातलं 430 ग्रेडचं नाही. 304 मध्ये क्रोमियम साधारण 18 टक्के आणि निकेल 8 टक्के. निकेल महाग, म्हणून 202 मध्ये ते 4 ते 6 टक्क्यांवर आणतात आणि बदल्यात मँगनीज घालतात, तेही चुंबकाला चिकटत नाही. पुढच्या खेपेला तो तपासायचं औषध घेऊन आला. पाइपवर एक थेंब टाकला, छोटी बॅटरी टेकवली, थोड्या वेळात थेंब लालभडक, म्हणजे मँगनीज जास्त, 202 सारखं स्वस्तातलं स्टील. बोटीवरचा 304 चा तुकडा आणला होता त्यावर तोच थेंब टाकला, तो लाल झाला नाही. त्या दिवशी माझं डोकं खरंच फिरलं. बिल काढलं तर त्यावर नुसतं "एस.एस. पाइप", ग्रेडचा पत्ता नाही, म्हणजे भांडायलाही कागद नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी बिलावर ग्रेड लिहून घ्याच.

इथपर्यंत माझं मत एकच होतं, फसवलं. पण पावसाळ्यात एक गोष्ट बघितली आणि मत थोडं बदललं. गॅलरीचा जो भाग उघड्यावर आहे, ज्याच्यावर जून-जुलैभर पाऊस कोसळला, तो जवळजवळ स्वच्छ राहिला, आणि छपराखाली पागोळ्यांच्या आतला, ज्याला पाणी लागतच नाही, तोच जास्त डागाळला! मला उलटं वाटलं होतं. पाऊस मीठ धुऊन नेतो, आतल्या भागावर वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बसूनच राहतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे खांबाच्या बुडाशी शोभेसाठी बसवलेली ती वाटीसारखी टोपी. एक वर सरकवली तर आत काळपट चिखल, पुसल्यावर पाइपला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो, ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो परत भरतो. टोपीच्या आत ओल आणि मीठ साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, थर भरतच नाही आणि मीठ आत खात जातं. भाऊ म्हणतो 304 असतं तरी समुद्राला लागून ह्या फटीत कधी ना कधी हेच झालं असतं, म्हणून बोटीवर 316 वापरतात, त्यात मिठाला तोंड देणारं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. म्हणजे ग्रेडचा राग आहेच, पण टोपीचा त्याहून जास्त आहे, एवढ्याशा टोपीसाठी फॅब्रिकेटरने नगाला वेगळे पैसे लावले होते.

चौदाच्या चौदा टोप्या काढून टाकल्या. बुडं उघडी दिसतात, सासूबाईंना आवडत नाही, चालेल. दर शनिवारी विहिरीच्या गोड्या पाण्याने रेलिंग धुते, छपराखालचं आधी, आणि मऊ फडक्यानेच पुसते, तारेची घासणी अजिबात नाही कारण तिचे लोखंडी कण अडकून तिथेच परत गंज धरतो. गणपतीपासून नवा ओघळ नाही. जिन्याचा खालचा खांब मात्र गेलाय, तो 316 चा बदलणार. पाइप भावामार्फत मागवलाय आणि ह्या वेळी बिलावर ग्रेड लिहिलाय.