फेंडर बेसमॅन ५०: चौदा महिने, दोन पावसाळे आणि तेच जुने व्हॉल्व्ह

गेल्या वर्षी मे महिन्यात मडगावच्या एका निवृत्त वादकाकडून हा बेस गिटारचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) घेतला आणि आंबोलीमार्गे टेम्पोत घालून कोल्हापूरला आणला. १९७० च्या दशकातलं चंदेरी पट्टीचं हेड (खुद्द अ‍ॅम्पची पेटी), खाली बारा इंची दोन स्पीकरचं कॅबिनेट. पॉवरला ६एल६ व्हॉल्व्हची (काचेच्या निर्वात नळ्यांची) जोडी, त्याआधी सूर वाढवायला तीन छोटे. ज्याला दाखवला त्याने एकच सल्ला दिला: आधी व्हॉल्व्ह बदलून टाक. चौदा महिने झाले, व्हॉल्व्ह तेच आहेत. पैसे गेले ते भलतीकडेच.

पहिला खर्च विजेचा. अ‍ॅम्प अमेरिकेच्या बाजारातला, ११७ व्होल्ट आणि ६० सायकलचा. आपल्याकडे २३० आणि ५०. सोबत आलेला स्टेप-डाऊनचा (व्होल्टेज उतरवणारा) डबा अर्ध्या तासात हात लावू देईना. मग शिवाजी उद्यमनगरात ५०० व्हीएचा नवा गुंडाळून घेतला, २२० ते २५० पर्यंत चार टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजच्या जोडण्या) काढून. टॅपची चैन कशाला, असं वाइंडिंगवाल्यानेही विचारलं. आमच्या पेठेत रात्री अकरानंतर मीटर २४५ दाखवतो. साध्या ट्रान्सफॉर्मरमधून तेव्हा अ‍ॅम्पला १२५ च्या आसपास जातात आणि व्हॉल्व्हमधला ६.३ व्होल्टचा हीटर (तापणारी तार) ६.७ वर चढतो. त्यात ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की तो मुळातच जास्त तापतो. म्हणून मी मुद्दाम ११२ देतो. हीटरला सहा मिळतात, तेवढ्यावर त्याचं भागतं. आवाजातला फरक माझ्या कानाला तरी कळत नाही.

अर्थिंगचा किस्सा सरावातला. मंगळवार पेठेतल्या मंडळाच्या हॉलवर वाजवताना माझे ओठ माइकला लागले आणि दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या. घरी येऊन प्लग उघडला तर कुणीतरी अर्थची तार कापून साधा टू-पिन बसवलेला. फ्यूजही मागच्या पत्र्यावर लिहिलेल्याच्या दुप्पट. खिळा घातला असता तरी एवढंच संरक्षण मिळालं असतं. तीन तारांची नवी केबल, हिरवी तार थेट चॅसिसला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) बोल्टने आवळून, आणि योग्य फ्यूज. सगळ्यात स्वस्त काम हेच. जुना अ‍ॅम्प घेतला की पहिल्या दिवशी हे बघा, वाजवायचं नंतर.

मग आली घुंई. बेस वाजवणाऱ्याला इथे एक सोय आहे. बेसची मोकळी 'जी' तार ९८ हर्ट्झची, आणि ई तारेचा तिसरा पडदा (फ्रेट) ४९ चा. घुंई मोकळ्या 'जी'शी जवळजवळ जुळली, केसभर चढी, तर ती १०० सायकलची. संशय पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर घ्यायचा. तिसऱ्या पडद्याशी जुळली तर ५० ची; मग हीटर किंवा अर्थ तपासायचा. माझी 'जी'शी जुळत होती. चॅसिसवरच्या पत्र्याच्या डबीत हे कंडेन्सर असतात. डबी काढली तर दोघांची टोकं फुगलेली, एकाच्या बुडाशी पांढरी बुरशी आल्यासारखं. सगळे बदलले, २० मायक्रोफॅरॅडच्या जागी २२. घुंई गेलीच, पण खालच्या सुरांना जो ढिलेपणा होता तोही गेला. तो मी इतके दिवस 'विंटेज टोन' म्हणून मिरवत होतो!

डबी उघडणार असाल तर प्लग काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. आत ४०० व्होल्टच्या वर चार्ज साठून राहू शकतो. दहा किलोओहमचा जाड रेझिस्टन्स लावून तो उतरवायचा, मीटरवर शून्य बघायचं, आणि तरीही एक हात खिशात.

गणपतीच्या आधी खरी परीक्षा झाली. वीसेक मिनिटं वाजवलं की एका ६एल६ ची प्लेट (आतला पत्रा) लाल व्हायला लागली. आता मात्र व्हॉल्व्ह गेलाच, असं धरून मी जोडी मागवायला निघालो होतो. ओळखीचे एक जुने रेडिओ मेकॅनिक काका म्हणाले, "पैसं कशाला घालवतोस लेका, आधी दोघांच्या जागा बदलून बघ की." बदलल्या. लाली त्याच सॉकेटवर राहिली, व्हॉल्व्हबरोबर गेली नाही. दोन्ही व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) उणे ४८ व्होल्ट हवे होते. तापल्यावर त्या सॉकेटवर उणे ३६ च दिसत होते. आधीच्या टप्प्यातून सूर पुढे सोडणारा आणि डीसी अडवणारा ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर गरम झाला की गळत होता. त्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला (करंट मोजता येतो त्या टोकाला) एक ओहमचा रेझिस्टन्स लावून करंट मोजला तर ८० मिलिअँपिअर. प्लेटवर ४३० व्होल्ट, म्हणजे ३४ वॅट. या व्हॉल्व्हची मर्यादाच ३० ची. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर बदलले, आता प्रत्येकी ३४ मिलिअँपिअरवर शांत बसलेत. नवी जोडी घातली असती तर तीही तशीच भाजली असती. काकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त सोल्डरचा डाग देताना माझ्या हाताला बरीच नावं ठेवली.

पावसाळ्यात सॉकेटच्या पिना आणि पॉट (आवाज-टोनची फिरती बटणं) खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीसेक वेळा फिरवायचा, सॉकेटच्या सैल पकडी सुईने किंचित आवळायच्या. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवला की आतला दमटपणा उडतो. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की अ‍ॅम्प जिन्याने वर जातो. ४३ च्या धोका पातळीची वाट मी बघत नाही. २०१९ चा महापूर ज्याने पाहिलाय त्याला कारण सांगायला नको.

आवाजाबद्दल: चौघांच्या सरावाला ५० वॅट भरपूर. आवाजाचा पॉट पाचाच्या पुढे गेला की सूर गुरगुरायला लागतो, आणि ती गुरगुर बोटाच्या जोरावर कमी-जास्त करता येते. उघड्या मैदानावर मात्र ढोल-ताशापुढे याचं काही चालत नाही. तिथे कॅबिनेटला माइक लावावा लागतो, कारण मिक्सरला थेट जोडायची सोय याला नाही. स्पीकरची वायर लावल्याशिवाय चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. हे मी हेडवर टेपने लिहून चिकटवलंय, कारण आमचा ड्रमर उत्साही आहे.

एक खोड शिल्लक आहे. 'नॉर्मल' चॅनेलवर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. १०० किलोओहमचा एक प्लेट रेझिस्टन्स १२८ दाखवतोय, बहुतेक तोच. दिवाळीनंतर उघडणार. तोवर त्या चॅनेलच्या जॅकमध्ये कागदाचा बोळा घालून ठेवलाय.